बाबा, तुमच्या 95 च्या मताबद्दल

येना, 5 ऑक्टोबर 2025

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा दोन वाक्यांत विषय संपवतात आणि आई मध्येच 'जेवलीस का' विचारते, म्हणून लिहायला बसले. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. जर्मन नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाला. पुढच्या महिन्यात प्रमाणपत्र मिळेल आणि त्या दिवसापासून मी कायद्यानं भारतीय नागरिक राहणार नाही. जर्मनीनं जून 2024 पासून दोन नागरिकत्वं ठेवायची मुभा दिली आहे, पण आपला कायदा ती देत नाही. पासपोर्ट परत करावा लागेल.

आई, लगेच डोळे पुसू नकोस, पुढचं वाच. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मला मिळेल. त्यावर आयुष्यभर व्हिसा लागत नाही, रात्री फोन आला तर सकाळचं विमान पकडता येतं. इथं राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाला पासपोर्ट अडकलाय म्हणून तुझ्या ऑपरेशनला येता आलं नाही, ते पुन्हा व्हायला नको, हे या सगळ्यामागचं पहिलं कारण आहे. दुसरं कारण पिल्लूची शाळा. तिसरं, ह्याच्या कंपनीत दर दोन वर्षांनी नोकरीची टांगती तलवार असते आणि परवाना नोकरीला बांधलेला असतो. गावच्या कलमांचं म्हणाल तर ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं मात्र येते. तेव्हा धाकट्या काकांनी कितीही घाबरवलं तरी सातबाऱ्याला काही होत नाही. जाईल ते फक्त मत.

आणि मताबद्दलच लिहायचंय, बाबा. ही बातमी नुसती कानावर घातली तेव्हा तुम्ही म्हणालात, "तिकडचे लोक मूर्ख आहेत का गं? तुला हाकलायला निघालेल्यांना मतं देतात, आणि तू त्यांच्यात जाऊन बसणार?" मी तेव्हा हसले. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

तुमची काळजी खोटी नाही. आमच्या थुरिंगिया राज्यात सप्टेंबर 2024 च्या निवडणुकीत एएफडी, म्हणजे परदेशातून आलेल्यांच्या विरोधातला तो कडवा उजवा पक्ष, 32.8 टक्के मतं घेऊन पहिली आली, आणि या फेब्रुवारीत देशाच्या निवडणुकीत इथं तिला 38.6 टक्के मिळाली. या राज्यातल्या पक्षशाखेला सरकारच्या संविधान-रक्षण खात्यानं 2021 मध्येच अतिरेकी ठरवलंय. इथला त्यांचा पुढारी ब्यॉर्न ह्योके पेशानं इतिहासाचा शिक्षक, आणि हिटलरच्या तपकिरी पलटणीची घोषणा सभेत दिली म्हणून 2024 मध्ये कोर्टानं त्याला दंड केला. इतिहासाच्या शिक्षकाला ती घोषणा कुणाची हे माहीत नव्हतं, असं त्याचं म्हणणं! येना शहर त्या मानानं बरं आहे, विद्यापीठाचं आहे. शहराबाहेर बस गेली की पाट्या बदलतात.

पण आमच्या इमारतीतही ती मतं आहेत. खालच्या मजल्यावरच्या आजी. हो, त्याच, ज्यांनी पिल्लूला लोकरीचे मोजे विणले, ज्यांचा फोटो पाहून आई म्हणाली होती 'अगदी आपल्या कुसूआत्यासारख्या'. त्यांनी मला स्वतःहून सांगितलं. झाइसच्या कारखान्यात भिंगं घासायच्या. 1990 ला दोन्ही जर्मनी एक झाले, तिथल्या हजारो नोकऱ्या गेल्या आणि या चाळिशीत घरी बसल्या. तेव्हापासून कुणी विचारलं नाही म्हणतात. "तुमच्याबद्दल नाही हं ते," असंही म्हणाल्या, "तुम्ही तर कामं करता." मी चहा पीत होते, काय बोलणार. पण मला लगेच तुम्ही आठवलात. बेकरीवाल्या चाचांबद्दल तुम्ही अगदी हेच म्हणायचात: "ते वेगळे. ते आपल्यातलेच."

आता रागावू नका. पुरतं वाचा.

नागरिकत्वासाठी इथं एक कबुलीजबाब द्यावा लागतो. नव्या कायद्यात ते कलम आलंय. नाझी राजवटीच्या अन्यायाबद्दल आणि त्याच्या परिणामांबद्दल जर्मनीची जी विशेष ऐतिहासिक जबाबदारी आहे, ती मला मान्य आहे, असं सही करून सांगायचं. मी सही केली. आजोबा गिरणीत लागायच्या आधी इथं जे घडलं त्याची जबाबदारी परळच्या पोरीनं येनात घेतली. गंमत वाटली, मग वाटेनाशी झाली. इथून रेल्वेनं पंधरा-वीस मिनिटांवर वायमार आहे, त्याच्या वरच्या टेकडीवर बुखेनवाल्डची छावणी होती. तिथं सुमारे 56,000 माणसं मेली. एप्रिल 1945 मध्ये अमेरिकी सैन्यानं वायमारच्या हजारेक नागरिकांना टेकडी चढायला लावून ती छावणी दाखवली. बहुतेकांचं उत्तर एकच, आम्हाला माहीत नव्हतं. जुलै 1932 च्या निवडणुकीत नाझींना 37.3 टक्के मतं होती, म्हणजे मोकळ्या निवडणुकीत बहुसंख्यांनी त्यांना मत दिलेलंच नव्हतं. आणि ज्यांनी दिलं त्यातल्या कित्येकांनी कामासाठी, भाकरीसाठी दिलं. छावणीसाठी म्हणून शिक्का मारणारे थोडेच असतील. तरी टेकडी सगळ्यांना चढावी लागली.

त्या सहीनंतर मला मुंबईच्या दंगलीचा जानेवारी 93 आठवला नसता तर नवल.

तुम्ही कुणाला हात लावला नाहीत, हे मला माहीत आहे. तुम्ही गच्चीवर हॉकी स्टिक घेऊन पहाऱ्याला होतात, आई जिन्यात कढई भरून चहा ठेवायची, आणि मी गोधडीत 'समुद्रातून बोटी येणार' ऐकत पडलेली असायचे. तुम्ही वर येऊन माझ्या पायावरचं पांघरूण सारखं करायचात, हातांना रॉकेलच्या बत्तीचा वास. त्या रात्रींत तुमच्याइतकं सुरक्षित मला पुन्हा कधी वाटलं नाही. आणि त्याच आठवड्यात बेकरीचं शटर जळलं. कुणी जाळलं ते गल्लीला ठाऊक होतं, गल्ली बोलली नाही. चाचा मुंब्र्याला गेले. तुम्ही कित्येक वर्षं सकाळी म्हणायचात, तसा पाव आता मिळत नाही.

फेब्रुवारी 1998 ला श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आला. 900 मृत्यू, त्यात 575 मुसलमान आणि 275 हिंदू. पहिल्या फेरीत, डिसेंबरमध्ये, काय झालं तेही त्यात आहे. राधाबाई चाळीत जाळून मारलेले हिंदूही त्यात आहेत. पोलीस आणि काँग्रेसचं सरकार कुठं कमी पडलं तेही आहे. आणि जानेवारीतल्या हल्ल्यांत शिवसेना आणि शिवसैनिक पुढं होते, असंही स्पष्ट लिहिलंय. युती सरकारनं तो ठपका नाकारला. त्याआधी 1996 च्या जानेवारीत त्यांनी तो आयोगच गुंडाळला होता, मग मे महिन्यात वाजपेयींच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू केला. तुम्ही 'सामना' वाचून म्हणालात, एकतर्फी आहे. अहवाल घरात कुणी उघडला नाही.

पण मार्च 95 चा शिक्का त्या आधीचा. धनुष्यबाणावर. तुम्ही मला बोटाची शाई दाखवली होती आणि सेनेच्या 73 जागा आल्या तेव्हा मला खांद्यावर घेऊन नाक्यावर नेलं होतंत, इतकी मोठी झाल्यावरही. तुम्ही का दिलंत मत, ते मी बाकी कुणाला नाही सांगितलं तरी मला माहीत आहे. 82 च्या संपात आजोबांची गिरणी गेली. तुमची बँकेतली नोकरी सेनेच्या लोकाधिकार समितीच्या मोर्च्यांशिवाय लागली नसती. आजीला रात्री दोनला केईएमला नेणारी गाडी शाखेची होती. तुमचं वाक्य मला पाठ आहे: "आम्ही मत रुग्णवाहिकेला दिलं, दंगलीला नाही."

माझी शाळेची फी त्याच पगारातून गेली, बाबा. तेव्हा मी बाजूला उभी राहून बोलत नाहीये. आणि दुसऱ्या बाजूचं सांगायचं, तर 1999 ला अहवाल अंमलात आणू म्हणत जे सत्तेवर आले, त्यांना माझं पहिलं मत 2004 ला गेलं, त्यांनीही तो फडताळातच ठेवला. त्यांच्या मतदारांनी तरी कुठं जाब विचारला?

मला जे वाटतं ते असं. ज्यानं काडी लावली गुन्हा त्याचा, ज्यानं लावायला सांगितली त्याचा त्याहून मोठा. मतदाराच्या हाती एकच शिक्का असतो. रुग्णवाहिकेला वेगळा आणि दंगलीला वेगळा शिक्का मिळत नाही, हे तुमचं बरोबर आहे. म्हणून नुसत्या मतावरून खालच्या आजींना मी नाझी म्हणणार नाही, आणि तुम्हाला कुणी काही म्हणालं तर त्याच्याशी भांडेन. पण डोळ्यांसमोर घडल्यावरही दुसऱ्यांदा तोच शिक्का मारायचा असेल, तर मारणाऱ्याकडे एक काम येतं. आपल्याच माणसांना आपल्या तोंडानं सांगायचं, हे चुकलं. विरोधक ओरडले तर शाखेला जोर चढतो. तुमच्यासारखा जुना, बाकावर बसणारा, वर्गणी देणारा माणूस 'बेकरीवाल्याचं काय ते वाईट झालं' एवढं म्हणाला असता तर दहा पोरं तरी मान खाली घालून उभी राहिली असती. ते तुम्ही म्हणाला नाहीत. इथल्या आजीही म्हणत नाहीत. दोघांनाही मी एकच माप लावतेय, तुम्ही त्यांना लावलंत तेच. तुम्ही मूर्ख नव्हतात, त्याही नाहीत.

हे परळला नवीन नाही. 1970 च्या जूनमध्ये इथले कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाईंना हरवून वामनराव महाडिक सेनेचे पहिले आमदार झाले. लाल बावट्याचे आजोबा त्या रात्री जेवले नाहीत, हे तुम्हीच सांगितलंय. मग तुम्ही भगवा धरलात, आणि बापलेकांनी एका खोलीत राहून किती वर्षं राजकारणावर शब्द काढला नाही, ते आईला विचारा. आता तेच तुम्ही आणि काका करताय. जून 2022 ला सेना फुटून आमदार गुवाहाटीला गेले आणि आपल्या घरात गणपतीचे मोदक दोन ठिकाणी व्हायला लागले. मशाल आणि धनुष्यबाण! सख्खे भाऊ, एकाच शाखेत वाढलेले.

आणि तो मीरा रोडचा व्हिडिओ. जुलैत तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलात, मराठीवरून त्या दुकानदाराला मारलं तो, खाली तीन हसरे चेहरे. मराठीसाठी तुम्ही भांडा, मला अभिमानच आहे. पण बाबा, मी इथं पहिल्या वर्षी औषधाच्या दुकानात अडखळत उभी असायचे आणि मागून कुणीतरी 'जर्मनीत राहता तर जर्मन बोला' म्हणायचं. त्यातल्या एखाद्यानं हात उचलला असता आणि कुणाच्या तरी वडिलांनी तो व्हिडिओ हसून पुढं पाठवला असता, तर? तुम्ही पहिले पेटून उठला असता. पुढच्या वेळी असं काही आलं की ग्रुपवर तीनच शब्द लिहा, 'हे बरं नाही.' शाखेच्या ग्रुपवरही लिहा. काका तिकडं आहेतच, ते मान्य करतील, आणि बोलायला एक निमित्त होईल.

खूप बोलले. लहानपणी तुम्ही म्हणायचात 'बेबी वकील होणार', तसं समजा. शिव्या द्यायच्या तर फोनवर द्या, मी ऐकेन, मध्ये बोलणार नाही.

आता कामाचं. बाबा, रक्तदाबाची गोळी रात्रीची आहे, बातम्या बघून झाल्यावरची नाही. बातम्या जेवणाआधीच बंद करा. न्हाणीघरात धरायचा दांडा बसवायला सुतार येणार होता, त्याला आठवण करा, गुडघा ओल्या फरशीवर भरवशाचा नाही. महापालिकेचं मतदान लागलं तर सकाळी साडेसातलाच जा, रांगेत उभं राहू नका, ज्येष्ठांना पुढं सोडतात. कुणाला द्यायचं ते मी विचारणार नाही. आई, दुसऱ्या डोळ्याची तारीख डॉक्टरांकडून घे, मी तेव्हा येतेय, तिकीट त्यावरच काढणार. फराळ करायला बाई लाव, चकलीचा सोऱ्या तू अजिबात फिरवायचा नाहीस. साखर वाढली की तू लपवतेस, मला वहिनी सांगते. पाडव्याला काकांना जेवायला बोलावा. बाबांनी स्वतः फोन करायचा, आईच्या हातून नाही.

पिल्लूला आजोबांनी पाठवलेली सोनेरी मुंडावळीची टोपी अजून होते. आजींनाही तिनं ती घालून दाखवली.

तुमची,
बेबी

ता. क. मतदार यादीतून माझं नाव काढायला नमुना 7 भरावा लागतो. तुम्ही त्यासाठी ऑफिसात खेटे घालू नका, मी इथून ऑनलाइन बघते. फक्त माझं जुनं मतदार ओळखपत्र कपाटात, आईच्या बँकेच्या पासबुकाखाली आहे, त्याचा दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. नीट उजेडात काढा, मागच्या वेळी बाबांचा अंगठाच आला होता.