‘जिप्सी नाइट’चे माणशी ६५ युरो परत करण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : हंगेरी–रोमानिया सहलीतला ‘जिप्सी नाइट’ कार्यक्रम, माहितीपत्रकातला मजकूर आणि टूर मॅनेजरने माइकवरून दिलेली सूचना यांबाबत तक्रार.

महोदय/महोदया,
स.न.वि.वि.

जूनमधल्या तुमच्या दहा दिवसांच्या सहलीत मी आणि माझी नणंद, अशा दोघी होतो. हॉटेलं स्वच्छ होती, बस वेळेवर सुटायची, बुखारेस्टमध्येसुद्धा वरण-भात मिळाला. हे आधीच लिहिते, म्हणजे बाईंना सगळ्यातच खोट दिसते असं वाटायला नको.

तक्रार माहितीपत्रकाच्या सातव्या पानाबद्दल आहे. तिथे छापलंय, ‘रंगीत गाड्या, शेकोटी, व्हायोलिन आणि कुठलंच बंधन न मानणारी मुक्त माणसं! हजार वर्षांपूर्वी दुरावलेल्या आपल्या बंजारा बांधवांची भेट!’ या भेटीचे तुम्ही माणशी ६५ युरो वेगळे घेतलेत. भेट झालीच नाही.

रोमानियातल्या क्लुज शहराबाहेरच्या एका रेस्टॉरंटच्या अंगणात आम्हाला नेलं. दोन रंगवलेल्या घोडागाड्या होत्या, त्यांची चाकं सिमेंटमध्ये पक्की बसवलेली. शेकोटी गॅसवर. घेरदार झगे घातलेल्या सहा मुली नाचल्या, छान नाचल्या. नणंदेनं त्यातल्या एकीला इंग्रजीतून विचारलं, तर ती आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि शनिवार-रविवार हे काम करायची. ‘तुम्ही रोमा आहात का?’ (ज्यांना तुम्ही ‘जिप्सी’ म्हणता, ते लोक) असं म्हटल्यावर ती छातीवर हात ठेवून ‘नो, नो, नो’ म्हणाली. इतक्या घाईनं, की जणू आम्ही तिच्यावर चोरीचा आळ घेतला होता. हात बघणाऱ्या बाईंनी मला ‘लांबचा प्रवास घडेल’ असं सांगितलं. सोलापूरहून निघून साडेपाच हजार किलोमीटर ओलांडून मी त्यांच्यापुढे बसले होते!

बुडापेस्टच्या जेवणात व्हायोलिन वाजवणारे गृहस्थ मात्र खरंच रोमा होते आणि कसलेले वादक होते. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तुमचा माणूस ज्याला ‘जिप्सींची हजार वर्षांची धून’ म्हणाला, ती बहुतांशी एकोणिसाव्या शतकात हंगेरियन मंडळींनी रचलेली लोकप्रिय गाणी. हे घराणेदार वादक पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाइकाला हवं ते वाजवत आले, तेच आमच्यासाठीही वाजलं.

‘बंधन न मानणारी’ हे शब्द कुणी लिहिले ते मला जाणून घ्यायचं आहे. वालाकिया आणि मोल्डाविया या भागांत, म्हणजे आजच्या रोमानियातच, रोमा लोक जवळपास पाच शतकं गुलाम होते. राजाचे, जमीनदारांचे आणि मठांचे. तिस्माना मठाला दिलेल्या ४० कुटुंबांची नोंद १३८५ सालच्या दस्तऐवजात आहे. आपल्याकडे गाई दान द्यायचे, तशी कुटुंबं. ही गुलामगिरी कायद्यानं संपली १८५५ आणि १८५६ मध्ये. एका मठाची भित्तिचित्रं बघायला तुम्ही आम्हाला पाऊण तास दिलात. त्यात याबद्दल अवाक्षर नाही.

आता माइकची गोष्ट. क्लुजच्या बाजारात उतरताना टूर मॅनेजर म्हणाले, ‘पर्स पुढे घ्या, पाकिटं सांभाळा, इथं जिप्सी फिरतात.’ बसमध्ये हशा पिकला. त्याच संध्याकाळी त्याच जिप्सींच्या नावाने ६५ युरोंचा कार्यक्रम होता. मी सोलापूरची. माझं लहानपण सेटलमेंटच्या जवळ गेलं. १८७१ च्या कायद्यानं ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायचे, ती ही वस्ती. १९५२ ला कायदा गेला, पण ‘पाकीट सांभाळा’ गेलं नाही. शाळेत शिकवत असताना वर्गात कंपासपेटी हरवली, तर पारधी मुलीचं दप्तर आधी उघडलं जायचं. एकदा ते मी उघडलं आहे. म्हणून तो हशा मला लगेच ओळखू आला.

परतताना बसमध्ये जळक्या कचऱ्याचा वास आला आणि ड्रायव्हरने खिडक्या लावायला सांगितल्या. मी आमच्या स्थानिक वाटाड्याला विचारलं. हा मुलगा भला होता, त्यानं सांगितलं. तिकडे पाता-रात, शहराचा कचरा डेपो. १७ डिसेंबर २०१० रोजी क्लुजच्या मध्यवर्ती भागातल्या कोस्तेई रस्त्यावरून ७६ कुटुंबांना, बहुतेक रोमा, ऐन थंडीत उठवलं; सुमारे चाळीस कुटुंबांना त्या डेपोजवळ एकेक खोली दिली, बाकीच्यांना तीही नाही. डेपोभोवती याआधीपासूनही लोक राहत होतेच. तुमच्या पत्रकातले ‘मुक्त भटके’ ते हेच असावेत.

भेट एकच झाली, आणि ती कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या व्हरांड्यात नणंद म्हणाली, ‘वहिनी, कान फार दुखतोय गं.’ चादरींची ट्रॉली ढकलणाऱ्या बाई थबकल्या. ‘कान?’ म्हणाल्या आणि स्वतःच्या कानाला हात लावला. मग नाकावर बोट ठेवून ‘नाख’, डोळ्यावर ठेवून ‘याख’. खिडकीबाहेर दूर हात करून ‘गाव’. मी बोटं मोजायला लागले तशा त्याही. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. सहापर्यंत आम्ही हसत बरोबर गेलो. मग त्या म्हणाल्या, एफ्ता, ओख्तो, एन्या, आणि माझा हात थांबला. दहाला ‘देश’ म्हणून त्या परत आल्या. घरी आल्यावर वाचलं, मधले तीन आकडे ग्रीक आहेत. वाटेत ग्रीक मुलखात शतकानुशतकं मुक्काम पडला, त्याची ही खूण. (भाषेवरून रोमांचं मूळ उत्तर हिंदुस्थानातलं ठरतं. आजच्या एखाद्या जमातीचं नाव त्यावर चिकटवणं हा तुमचा उद्योग, तेव्हा बंजारा समाजाचं नावही काढा.)

लिफ्टचा आवाज आला. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि ट्रॉली पुढे नेली. वाटाड्या नंतर म्हणाला, कामाच्या ठिकाणी बरेच जण आपण रोमा आहोत हे सांगत नाहीत.

माझं म्हणणं असं : दोघींचे मिळून १३० युरो परत करावेत. सातवं पान बदलावं. कार्यक्रम ठेवायचाच तर त्याला ‘नृत्याचा कार्यक्रम’ म्हणावं. ‘जिप्सी’ शब्द इजिप्तवरून, चुकीच्या समजुतीतून पडला. त्या लोकांच्या संघटना ‘रोमा’ म्हणतात, ते छापावं. आणि माइकवरची सूचना बंद झाल्याचं लेखी कळवावं. पाकीट सांभाळायला सांगायचं असेल, तर गर्दी आहे एवढंच सांगितलं तरी पुरतं.

चौकशीसाठी हॉटेल आणि मजला कोणता, असं तुम्ही विचाराल. बुकिंगच्या नोंदीत हॉटेल सापडेल, मजला मी सांगणार नाही. तिथे फोन करून त्या बाई कोण हे विचारू नये.

कळावे,

आपली एक प्रवासी,
सोलापूर

सोबत : पावत्यांच्या दोन प्रती, माहितीपत्रकाचं सातवं पान