खरा अशोक कुठं गेला?

संपादक महोदय,

सोसायटीच्या गेटजवळ रांगेत उभी असतात ती सरळसोट उंच झाडं, त्यांना आपण अशोक म्हणतो पण तो खरा अशोक नाहीच. खरा म्हणजे सीताअशोक, बुटका, गर्द सावलीचा, कोवळी पानं तांबूस आणि पार लुळी लोंबणारी, फुलं आधी केशरी मग लालभडक आणि तीही थेट जुन्या फांद्यांवर! अशोकारिष्टात याचीच साल लागते, बायकांच्या पाळीच्या तक्रारींवर जुनं औषध. पण साल खोडाभोवती गोल सोलली की झाड उभंच्या उभं वाळतं, आणि लोक तसंच सोलतात. सह्याद्रीत आता मुश्किलीनं दिसतो. वर सालीत त्या खोट्या अशोकाची भेसळ होते ती वेगळीच. नर्सरीवाल्याला रोप मागताना 'सीताअशोक' असंच सांगा, नुसतं अशोक म्हटलं तर तो दुसराच देतो.

– एक वाचक