जुन्या राजदूत 350 च्या कार्ब्युरेटर सील किटबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : दोन कार्ब्युरेटरच्या सील किटमधील सदोष भाग, ‘ई20 चालते’ ही जाहिरात आणि तुमचा परताव्याला नकार

महोदय,

‘फिटिंगमध्ये चूक, परतावा मिळणार नाही’ एवढ्या एका ओळीत तुम्ही आमची पहिली तक्रार मिटवलीत. म्हणून या वेळी मोजमापांसह लिहीत आहोत.

गाडी एस्कॉर्ट्सची राजदूत 350 : टू-स्ट्रोक, 347 सीसी, दोन सिलिंडर, प्रत्येकाला वेगळा मिकुनी कार्ब्युरेटर. अशा गाडीत डावीकडचे आणि उजवीकडचे भाग एकसारखे नसतील, तर एक सिलिंडर पेट्रोलने भिजतो आणि दुसरा उपाशी राहतो. तुमच्या किटने नेमके तेच केले.

आधी रबर. पाकिटावर ‘व्हायटन, ई20 चालते’ असे छापले आहे, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्येही टिकणारे रबर. बाऊलचे, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीचे, सील आणि ड्रेन प्लगची रिंग बसवल्यावर दोन दिवसांत बाऊलच्या सांध्यातून पेट्रोल पाझरू लागले. उघडून पाहिले तर सील फुगून खाचेबाहेर आले होते आणि खाचेपेक्षा सुमारे 4 मिमी लांब भरत होते. उरलेली कोरी रिंग काचेच्या बाटलीत पंपावरच्याच 30 मिली पेट्रोलमध्ये 48 तास बुडवून ठेवली. तिची जाडी 2.0 मिमीवरून 2.2 मिमी झाली. त्याच बाटलीत ठेवलेल्या खात्रीच्या व्हायटन रिंगमध्ये व्हर्नियरवर फरक दिसला नाही. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये असे फुगणे हे साध्या नायट्राइल रबराचे लक्षण आहे. तुमची रिंग तपकिरी आहे हे खरे, पण रंग कोणत्याही रबराला देता येतो.

यावर ‘कार्ब क्लीनर लागला असेल’ असे तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले. तसे झालेले नाही. सगळी जुनी रबरे काढल्यानंतरच क्लीनर मारला, प्रत्येक वाट हवेने फुंकून कोरडी केली आणि मगच नवी सील लावली. बाटलीतल्या रिंगला तर क्लीनरचा वाससुद्धा लागलेला नाही.

आता फ्लोट निडल, म्हणजे बाऊलमध्ये येणारे पेट्रोल तरंगत्या फ्लोटच्या जोरावर बंद करणारी सुई, आणि ती जिथे टेकते ते सीट. गंभीर दोष इथेच आहे. कार्ब्युरेटर उलटा धरला की फ्लोटच्या वजनाने निडल बंद होते. अशा वेळी पेट्रोलच्या नळीतून हलके फुंकले तर हवा जाता कामा नये. डावीकडे गेली नाही, उजवीकडे गेली. उजव्या सीटच्या शंकूवर लेथच्या टूलचा चरा भिंगाशिवाय दिसतो. टाकीचा कॉक उघडा राहिला की त्या बाजूच्या ओव्हरफ्लो नळीतून थेंब पडतात.

डावे सीट हवा धरते, पण जुन्या सीटपेक्षा 0.6 मिमी जास्त खाली उतरते, आणि तेही तुमचेच वॉशर लावून. सीट खाली आले की निडल लवकर बंद होते, बाऊलमधली पातळी घटते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रणावर गाडी ताणली तर पिस्टन धरतो (तापून सिलिंडरमध्ये अडकतो), म्हणजे सिलिंडर बोअर करण्यापर्यंतचा खर्च. फ्लोटची जीभ वाकवून उंची जुळवता आली असती. पण ‘थेट बसते, सेटिंगची गरज नाही’ हा दावा तुमचा आहे.

मेन जेटची, म्हणजे इंजिनाला पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी भागाची, तीच गत. दोन्हींवर आकडा एकच, तरी एकाच उंचीवरून 50 मिली पेट्रोल सोडल्यावर एकाला 19 सेकंद लागले, दुसऱ्याला 23. मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा प्रवाहाचा असतो, भोकाच्या व्यासाचा नव्हे. ड्रिल मारून आकडा ठोकला की जेट झाला असे नाही. खरे तर सील किटमध्ये पितळी भाग हवेतच कशाला? मूळ मिकुनी जेट तांब्याच्या एका बारीक तारेने अलगद साफ केले की वर्षानुवर्षे चालतात. आम्ही तेच परत लावले आहेत.

बाकी फिटिंगबद्दल : दोन्ही बाजूंचे भाग वेगळ्या ताटल्यांत ठेवले होते, स्लाइडची (कार्ब्युरेटरमधल्या थ्रॉटलच्या सरकत्या झडपेची) अदलाबदल झालेली नाही. बाऊलच्या स्क्रूंना जपानी मापाचा पेचकस वापरला. फ्लोटची पिन ठोकली नाही, ढकलून काढली, त्यामुळे खांब शाबूत आहेत. एअर स्क्रू दोन्हीकडे दीड फेरा उघडे होते. चूक यांपैकी नेमकी कोणत्या पायरीत झाली, ते लेखी कळवा.

आमच्या मागण्या अशा. किटची पूर्ण किंमत आणि परत पाठवण्याचा खर्च द्यावा. या बॅचच्या रबराचा चाचणी अहवाल दाखवावा, आणि तो नसेल तर ‘व्हायटन’ व ‘ई20’ हे शब्द विक्रीच्या पानावरून आजच काढावेत. याच बॅचची किटे ज्यांना विकली, त्या ग्राहकांना डाव्या सिलिंडरच्या धोक्याची सूचना द्यावी. ही शेवटची मागणी आम्हाला पैशांहून महत्त्वाची वाटते.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार या पत्राची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. सगळे भाग आणि बाटलीतली रिंग जपून ठेवली आहे. तुमच्या माणसाने येऊन स्वतः मोजावे.

कळावे,
आपले ग्राहक, पुणे

सोबत : बिलाची प्रत, पाकिटाचे छायाचित्र, व्हर्नियरवरील मापांची छायाचित्रे