मोपावरच्या अनोळखी माणसांना

पूर्वी सावंतवाडीहून दाबोळी गाठायचं तर मांडवी आणि झुआरी, दोन्ही ओलांडाव्या लागत. 2023 मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि विमान दाराशी आलं. तरीही आम्ही गोंधळ घातलाच. आईच्या औषधांची पिशवी टॅक्सीत विसरलो. चूक सर्वस्वी माझी.

पेडण्यापर्यंत पोचलेले टॅक्सीवाले काका भर पावसात मागे फिरले. पिशवी शर्टाच्या आत धरून आणली. ते चिंब, गोळ्या कोरड्या. जादा पैसे घेईनात. तोवर व्हीलचेअरवाला मुलगा आईशी मालवणीत गजाली करत होता, तिला घाबरायला सवडच दिली नाही. रांगेतल्या एका ताईंनी आपली जागाही आम्हाला दिली.

नावं विचारायची राहिली. तिघांचेही मनापासून आभार. काका, तुमची छत्री माझ्याकडेच आहे!