स्केटिंगला वयाची अट हवीच, पण गुणांचा हिशेबही बदलायला हवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : महिला फिगर स्केटिंगमधील किमान वयाची अट

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका वाचकांनी बर्फावरच्या फिगर स्केटिंगमधील, वरिष्ठ गटासाठीच्या सतरा वर्षांच्या किमान वयाच्या अटीवर टीका केली आहे. ‘सचिन तेंडुलकरला सोळाव्या वर्षी कराचीत खेळू दिले नसते तर?’ हा त्यांचा सवाल चटकन पटण्यासारखा आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावेसे वाटते. सचिन सोळाव्या वर्षी आला आणि चाळिशी गाठल्यावर निवृत्त झाला. मधल्या चोवीस वर्षांत त्याचे खांदे भरले, मनगटात जोर आला आणि त्याची फलंदाजी त्याबरोबर वाढत गेली. महिलांच्या स्केटिंगमध्ये गेली काही वर्षे नेमके याच्या उलट घडत आले आहे. तिथे मुलीचे शरीर वाढू लागले की तिची किंमत उतरू लागते. त्यामुळे दोन्ही खेळांतल्या लहान वयाची तुलना वरवर सारखी दिसली तरी मुळात वेगळी आहे.

यामागचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. उडी मारल्यापासून पुन्हा बर्फावर टेकेपर्यंत खेळाडूला पाऊण सेकंदही मिळत नाही. तेवढ्या वेळात तीनऐवजी चार गिरक्या, म्हणजे ज्याला ‘क्वाड’ म्हणतात ती उडी, बसवायची तर शरीर अरुंद आणि हलके असेल तेवढे बरे. वयात येण्याआधीच्या मुलीचे शरीर तसे असते. मुलगे वयात येतात तेव्हा त्यांच्या पायांत ताकद येते आणि उडी उंच होते. मुलींची कंबर रुंदावते, वजनाची विभागणी बदलते आणि कालपर्यंत सहज येणारी उडी येईनाशी होते. अट मुलामुलींना सारखीच आहे, पण तिची गरज मुलींना कितीतरी अधिक आहे.

या कोवळ्या शरीराला गुणपद्धतीने भरघोस बक्षीस दिले. बीजिंग ऑलिंपिकच्या हंगामात तीन गिरक्यांच्या लुट्झ उडीचे मूळ गुण ५.९० होते आणि चार गिरक्यांच्या लुट्झचे ११.५०. एका जादा गिरकीला जवळपास दुप्पट मोल! मग प्रशिक्षकांनी तेरा-चौदा वर्षांच्या मुलींकडून क्वाड घोटून घेतले आणि त्या अठरा-एकोणीसच्या होईतो त्यांच्या जागी नव्या मुली उभ्या केल्या, यात नवल ते काय? रशियाची अॅडेलिना सोत्निकोव्हा २०१४ मध्ये सतराव्या वर्षी ऑलिंपिक विजेती ठरली, अलिना झागितोव्हा २०१८ मध्ये पंधराव्या वर्षी आणि ॲना श्चेर्बाकोव्हा २०२२ मध्ये सतराव्या वर्षी. या तिघींपैकी एकही पुढच्या ऑलिंपिकमध्ये दिसली नाही. २०१४ च्याच सोची ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्ण मिळवणाऱ्या पंधरा वर्षांच्या युलिया लिपनित्स्कायाने तर एकोणिसाव्या वर्षी खेळ सोडला, तोही खाण्यासंबंधीच्या आजाराशी झगडत. १९८४ आणि १९८८ अशी दोनदा सुवर्ण जिंकणाऱ्या पूर्व जर्मनीच्या कॅटरिना विटनंतर एकाही महिलेला या प्रकारात दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकता आलेले नाही.

१७ फेब्रुवारी २०२२ ची बीजिंगमधली रात्र मी दूरदर्शन संचासमोर बसून पाहिली होती. रशियाची कामिला वालिएव्हा पंधरा वर्षांची होती. आदल्या डिसेंबरच्या २५ तारखेला घेतलेल्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन हे खेळाडूंना बंदी असलेले हृदयविकारावरचे औषध सापडल्याचे ऑलिंपिक सुरू झाल्यावर उघड झाले होते, आणि वयामुळे ती ‘संरक्षित’ गटात मोडते हेही तिला खेळू देण्याचे एक कारण होते. बालक म्हणून जिला संरक्षण द्यायचे, तिलाच त्या संरक्षणाच्या आधारे साऱ्या जगाच्या नजरेसमोर बर्फावर उभे केले गेले. ती पुन्हा पुन्हा पडली आणि चौथी आली. बाहेर येताच तिच्या प्रशिक्षिकेने तिला जवळ घेण्याआधी, लढणे का सोडलेस, असे विचारले. पाच क्वाड मारूनही रुपेरी पदकावर थांबलेली अलेक्झांड्रा ट्रुसोव्हा रडत रडत आता कधीही बर्फावर जाणार नाही असे ओरडत होती, आणि सुवर्ण जिंकलेली श्चेर्बाकोव्हा एका बाजूला एकटीच होती. तीन किशोरवयीन मुली, आणि त्यांतल्या एकीच्याही चेहऱ्यावर आनंद नाही. त्या रात्री मनापासून खूश दिसली ती कांस्यपदक मिळवणारी, एकही क्वाड न मारणारी एकवीस वर्षांची जपानी काओरी साकामोतो.

त्यानंतर चार महिन्यांनी थायलंडमधील फुकेत येथे आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनच्या अधिवेशनात वयाची अट १०० विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाली. २०२३-२४ च्या हंगामात सोळा आणि २०२४-२५ पासून सतरा, अशी ती टप्प्याटप्प्याने आली. आधीची अट पंधराची होती.

तारखेवर बेतलेला कोणताही नियम कुणाला तरी जाचतोच, हे मला मान्य आहे. पत्रलेखकांनी जिचा उल्लेख केला ती जपानची माओ शिमादा २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे कनिष्ठ गटाची विश्वविजेती ठरली. पण तिचा जन्म ३० ऑक्टोबर २००८ चा, आणि वय १ जुलैला मोजले जाते. त्यामुळे २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकच्या वेळी सतरा वर्षे पूर्ण होऊनही ती अपात्र ठरली. वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या माओवर, माओ असादावर, हीच पाळी आली होती. २००५ च्या डिसेंबरात तिने ग्रां प्री अंतिम स्पर्धा जिंकली, तरी अवघ्या ८७ दिवसांनी वय कमी पडल्याने ती तुरीन ऑलिंपिकला मुकली.

पण पुढे काय झाले तेही पाहावे. असादा २००८, २०१० आणि २०१४ अशी तीनदा विश्वविजेती झाली, २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवले, सोचीत पहिल्या दिवशी सोळाव्या क्रमांकावर घसरूनही दुसऱ्या दिवशी जन्मभर लक्षात राहील असे स्केटिंग केले, आणि सव्विसाव्या वर्षी निवृत्त झाली. याउलट अमेरिकेची तारा लिपिन्स्की. १९९६ मध्ये वयाची अट आली तेव्हा आधीच जागतिक स्पर्धेत उतरलेली असल्याने तिला सवलत मिळाली, चौदाव्या वर्षी ती विश्वविजेती झाली, पंधराव्या वर्षी नागानोत ऑलिंपिक विजेती झाली, आणि त्याच वर्षी तिने स्पर्धात्मक स्केटिंग सोडले. दोन मुलींवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मी जाणते. पण थांबावे लागले म्हणून कारकीर्द संपली, असे म्हणण्यास असादाचे उदाहरण तरी आधार देत नाही.

मी स्वतः एकतीस वर्षे शाळेत क्रीडाशिक्षिका होते. मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवताना मी हे जवळून पाहिले आहे. पायाच्या अंगठ्यात दोरी धरून सरसर वर जाणारी सातवीतली मुलगी नववीत येईतो तिला स्वतःचेच शरीर परके वाटू लागते. त्या काळात तिला ‘जड झालीस’ म्हणणारे घरात आणि बाहेर पुष्कळ भेटतात. साध्या अढीपासून, म्हणजे दोरीला घातलेल्या पायांच्या विळख्यापासून, पुन्हा सुरुवात करून देणारे थोडे. गेली दोन वर्षे उन्हाळ्यात कॅनडात मुलाकडे असताना माझ्या नातीच्या निमित्ताने तेच पुन्हा पाहिले. सकाळी सहाला रिंकवर पोहोचायचे, मी यजमानांचा मफलर गुंडाळून बाकावर बसायचे. तिथले प्रशिक्षक मासे धरायच्या गळासारख्या लांब काठीला पट्टा बांधून मुलीला उडीत उचलून धरतात, आणि पडण्याचा मार बसू नये म्हणून मुली पोशाखाच्या आत कमरेला जाड पॅड लावतात. वर्षभरात नात चार इंच वाढली आणि दुहेरी ॲक्सल ही तिची आवडती उडी हातची गेली. एका सकाळी मी मोजले, अकरा वेळा पडली, सगळ्या वेळा त्याच बाजूला. तिच्या बाईंनी उड्या सहा महिने बंद केल्या आणि तिला नुसते बर्फ कापायला लावले : पात्याची आतली कड, बाहेरची कड, उलटे वळण. नात चिडली, रडली, पण टिकली. पदकांच्या घाईत असलेल्या संस्थेत हे सहा महिने तिला कुणी दिले असते का, याची मला शंका आहे.

इथेच सतराच्या अटीचा अपुरेपणा दिसतो. अट वरिष्ठ गटाच्या दारावर आहे. कनिष्ठ गटात तेराव्या वर्षापासून प्रवेश मिळतो आणि तिथेही ‘फ्री स्केट’ या जास्त वेळाच्या मोठ्या कार्यक्रमात क्वाडला घसघशीत गुण मिळतातच. म्हणजे जी घिसाडघाई पंधराव्या वर्षी जगाला दिसत होती, ती आता जरा कमी प्रकाशात होण्याचा धोका आहे. सतराव्या वर्षी वरिष्ठ गटात येईपर्यंत त्या मुलीचे घोटे आणि पाठ शाबूत राहिली नसेल, तर अटीने साधले काय? कनिष्ठ गटातल्या मुलींच्या क्वाडचे गुण कमी करावेत किंवा तिथे ही उडी मोजूच नये, आणि वरिष्ठ गटात वेग, कडांवरची हुकमत व उडीची उंची यांना आणखी वजन द्यावे, असे माझे मत आहे. खेळ यामुळे मागे जाईल, असा आक्षेप येईल. साकामोतो २०२२ पासून सलग तीनदा विश्वविजेती झाली. रशियन खेळाडूंवर तेव्हा बंदी होती हे खरे, पण तिचा वेग आणि बर्फाचे अर्धे मैदान ओलांडणारी दुहेरी ॲक्सल पाहून कुणाला खेळ मागे गेल्यासारखे वाटले असेल, असे मला वाटत नाही. इटलीची कॅरोलिना कोस्टनर एकतिसाव्या वर्षी आपल्या चौथ्या ऑलिंपिकमध्ये पाचवी आली होती.

अमेरिकेच्या ॲलिसा लिऊची गोष्ट तर याहून बोलकी आहे. तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती, चौदाव्या वर्षी क्वाड लुट्झ, आणि सोळाव्या वर्षी निवृत्त. दोन वर्षे तिने बर्फाकडे पाठ फिरवली. मग संगीत आणि पोशाख स्वतः ठरवायचे, या अटीवर ती परतली आणि २०२५ मध्ये बोस्टनला एकोणिसाव्या वर्षी विश्वविजेती झाली. क्वाड न मारता.

आपल्या क्रीडापानाकडे एकच विनंती आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या विक्रमी उडीची बातमी आपण ठळक मथळ्यात देता, ती जरूर द्यावी. मात्र तिच्या आधी तो विक्रम ज्या मुलीच्या नावावर होता, ती आज खेळते आहे की नाही, आणि नसल्यास कितव्या वर्षी थांबली, हेही त्याच बातमीत दोन ओळींत छापावे.

आपली नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सातारा