चि. सईस, क्लबांच्या यादीबद्दल

चि. सईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी मिळाली. एमयूएन (संयुक्त राष्ट्रांच्या सभेची ती नक्कल), डिबेट, रोबोटिक्स, शाळेचं मासिक, फुटबॉल, कोरस, पर्यावरण गट आणि शनिवारी डोंगराखालच्या वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत वाचनवर्ग. शिवाय मैत्रिणीबरोबर एक नवा क्लब काढायचा विचार आहेच. खाली लिहिलं आहेस, 'इथे सगळेच एवढं करतात गं, मीच मागे पडतेय.' फोनवर घाईत बोलून हे भागणार नाही, म्हणून लिहायला बसले. कॉलेजात एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, कार्यक्रम अधिकारी म्हणून मी बरीच वर्षं मुलांबरोबर हेच काम केलं, त्यामुळे या बाबतीत माझी मतं पक्की आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगते. यातलं निम्म्याहून जास्त सोड. वाचनवर्ग काही झालं तरी सोडू नकोस. एमयूएन आणि फुटबॉल आवडतात तर राहू देत. बाकीच्यांना या आठवड्यातच नम्रपणे नाही म्हणून टाक.

आता त्या दहा रकान्यांचं बघू, कारण तुम्हा सगळ्यांची खरी धास्ती तिथे आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीच्या कॉमन ॲपमध्ये दहा उपक्रम भरायची सोय असते, हे खरं. पण दहाच्या दहा भरा असं तिथे कुणी म्हटलेलं नाही. प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला 150 अक्षरांची जागा, मधल्या मोकळ्या जागा धरून. इंग्रजीत ते वीस-पंचवीस शब्द होतात. त्याच्याच शेजारी विचारलेलं असतं की हे काम कोणकोणत्या इयत्तांत केलं, आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे. अकरावीच्या सप्टेंबरात धरलं आणि डिसेंबरात सोडलं, तर तेही तिथे दिसतंच. इंग्लंडला अर्ज करायचा झाला तर यूकास या तिथल्या प्रवेशसंस्थेच्या निवेदनात 2026 च्या प्रवेशांपासून तीन प्रश्न आहेत, सगळी मिळून 4000 अक्षरं. शिक्षणाबाहेर काय केलंस हे त्यातला एकच प्रश्न विचारतो, आणि त्यातही निवडलेल्या विषयासाठी ते कसं उपयोगी पडलं हे सांगायचं असतं. तेव्हा भाराभर नावं गोळा करून कुठलाच फायदा नाही. तुमच्या काउन्सेलर मॅडमना नीट विचारलंस तर त्याही बहुतेक हेच सांगतील.

आयबीचं, म्हणजे तुमच्या शाळेतल्या आंतरराष्ट्रीय डिप्लोमाचं, कॅस मात्र मी मुद्दाम बारकाईने वाचलं आणि मला ते मनापासून आवडलं. क्रिएटिव्हिटी, ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस या तिन्ही गोष्टी किमान अठरा महिने चालू ठेवायच्या. निदान एक प्रकल्प इतरांबरोबर मिळून करायचा आणि तो महिनाभर तरी चालला पाहिजे. डिप्लोमाच्या 45 गुणांत कॅसला एकही गुण नाही, पण कॅस पुरं केलं नाही तर डिप्लोमाच मिळत नाही. पूर्वी 150 तास भरायचा दंडक होता, तो त्यांनी काढून टाकला. आता तास मोजत नाहीत, सात गोष्टी साधल्या का ते बघतात. त्यातली एक चिकाटी आहे, आणि हाती घेतलेल्या कामाच्या बऱ्यावाईटाचा विचार करणं हीही आहे.

तास मोजण्याने काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. एनएसएसमध्ये वर्षाला 120, दोन वर्षांत 240 तास आणि एक सात दिवसांचं शिबिर. फेब्रुवारी आला की मुलं डायऱ्या घेऊन रांगेत उभी, मॅडम एवढे बारा तास कमी पडतायत, कुठे तरी बसवा ना. हीच मुलं शिबिरात ओढ्यावर वनराई बंधारा घालताना पाहावीत. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, दाभणाने सुतळी घालून तोंड शिवायचं, आणि विटा रचतात तशा सांधेमोड करून एकेक थर लावायचा. थरांमध्ये ओली माती दाबून बसवायची, नाहीतर सगळं पाणी फटींतून निघून जातं. दुपारपर्यंत हातांना फोड आलेले असायचे, पण घड्याळाकडे कुणी बघत नसे. कारण बांधावर गावातल्या बाया उभ्या असायच्या आणि विचारायच्या, पोरांनो, उन्हाळ्यात गुरांना पुरंल का हे पाणी? बंधाऱ्यावर समोर माणूस उभा होता, डायरीत नुसता आकडा होता. एवढ्यानेच ती मुलं वेगळी वागायची.

तुमच्या कॅसवर ज्या माणसाच्या विचारांचा ठसा आहे, त्या कुर्ट हान यांना हेच दिसलं होतं. 1886 साली बर्लिनमध्ये ज्यू घरात जन्मलेला हा शिक्षक. त्यांनी 1920 मध्ये जर्मनीत झालेमची शाळा उभारली, हिटलरविरुद्ध उघड बोलले, 1933 मध्ये त्यांना अटक झाली आणि सुटल्यावर त्यांनी ब्रिटन गाठलं. दुसऱ्या महायुद्धात, 1941 साली, वेल्सच्या किनाऱ्यावर त्यांनी तरुण खलाशांना शिकवणारी शाळा काढली. तिचं नाव आउटवर्ड बाउंड. पुढे 1962 मध्ये त्यांच्याच कल्पनेतून वेल्समध्ये ॲटलांटिक कॉलेज सुरू झालं, आणि आयबीच्या जडणघडणीत त्या कॉलेजचा मोठा वाटा आहे. तिथली तुझ्या वयाची मुलं समुद्रात सापडलेल्यांना वाचवायला बोटी घेऊन जायची. लाटांत टिकेल आणि बुडणाऱ्याला ओढून घेता येईल अशी बोट हवी, म्हणून पहिले मुख्याध्यापक डेस्मंड होर आणि विद्यार्थी यांनी कॉलेजातच खटपट करून खाली टणक तळ आणि कडेला हवेच्या नळ्या अशी बोट घडवली. ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेने पुढे आपल्या बोटींच्या एका प्रकाराला या कॉलेजचंच नाव दिलं, ॲटलांटिक 21. विद्यार्थ्यांच्या एका उपक्रमातून केवढं काम उभं राहिलं बघ. पाण्यात कुणीतरी खरोखर अडकलेलं होतं, म्हणून ती बोट झाली.

आपल्या साताऱ्याला हे परकं नाही. हानची शाळा निघाली त्याच्या आदल्याच वर्षी, 1919 मध्ये, भाऊराव पाटलांनी काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत, स्वयंपाकाला आणि शेतात हात लावत. ही कामं अभ्यासाशिवायची, जास्तीची, असं तिथे कुणी मानत नव्हतं. तुझे आजोबा त्याच वातावरणात शिकले. म्हणून डोंगरावरच्या त्या शाळेत तुझी निवड झाली तेव्हा तिथल्या खोल्या किती छान आहेत याच्याआधी त्यांनी विचारलं होतं, तिथे मुलांना हाताने काम करायला लावतात का?

वाचनवर्गाबद्दल तू गेल्या महिन्यात जे सांगितलंस ते मी शेजारच्या काकूंनाही सांगितलं. तू आणि तुझी ब्राझीलची रूममेट पत्र्याच्या पेटीतून चित्रांची पुस्तकं काढून बसला होतात. तिसरीतली एक पोरगी तिच्या हाताला धरून विचारत होती, 'तुमच्याकडं भात लावत्यात का?' तू ते रूममेटला इंग्रजीत सांगितलंस. ती म्हणाली, माझा मामा दक्षिण ब्राझीलमध्ये भातच पिकवतो, पण तिथे पेरणी यंत्राने होते. तू ते मराठीत सांगितल्यावर अख्खा वर्ग गोळा झाला. मग चिखल कोण करतं, बैल नसतात का, तिथला तांदूळ इंद्रायणीसारखा चिकट होतो का, असे प्रश्न सुरू झाले आणि पुस्तक बाजूलाच राहिलं.

सई, त्या खोलीत तू नसतीस तर यातलं काहीच झालं नसतं. जगभरातून आलेली हुशार मुलं तुझ्या शाळेत आहेत. त्यातली कितीजण आईकडून आणि आजीकडून आलेल्या मराठीत त्या पोरीशी बोलू शकतात? सेमी इंग्रजीतून आले, इंग्रजीत अडखळते, म्हणून डिबेटमध्ये घेतील की नाही ही धाकधूक तू दर फोनला बोलून दाखवतेस. इंग्रजी येईल, दोन वर्षांत भरपूर येईल. पण डोंगरावरची शाळा आणि खालची वाडी यांच्यामध्ये उभं राहायला आज तूच हवी आहेस.

एक मात्र सांभाळ. शनिवारी न जाणं ही त्या मुलांच्या दृष्टीने मोठी गोष्ट असते. तुमची परीक्षा असेल, कुणाचा वाढदिवस असेल, तर आधीच्या आठवड्यात गुरुजींना सांगून ठेव. आणि काय वाचायचं, काय शिकवायचं हे गुरुजींना विचारून ठरवा. बाहेरून येऊन फोटो काढणारी मंडळी त्यांनी पुष्कळ पाहिली असतील. मुलांचे चेहरे तुमच्या कॅसच्या पोर्टफोलिओत लावायचे असतील तर आईवडिलांना विचारल्याशिवाय लावू नका.

त्या पोर्टफोलिओत तू लिहिलेलंही वाचलं. 'मी टीमवर्क शिकले, माझा आत्मविश्वास वाढला.' ही वाक्यं कुणाचीही असू शकतात. भाताचा प्रसंग त्यात कुठेच नाही! रिफ्लेक्शन, म्हणजे अनुभवावरचा विचार, लेखीच हवं असं आयबी म्हणत नाही, आवाज रेकॉर्ड केलेला चालतो, चित्र चालतं. वाडीतून चढून परत येताना फोनवर मराठीत जे घडलं ते बोलून ठेव आणि रात्री त्यातलंच इंग्रजीत उतरव.

एमयूएन राहू दे म्हणते, त्याला कारण आहे. हेगची एमयूएन परिषद 1968 पासून चालू आहे, म्हणजे हा खेळ आता जुना झाला. तिथे 'मी' म्हणायचं नसतं, अमुक देशाचा प्रतिनिधी असं म्हणतो, अशी रीत आहे. जो देश आपला नाही त्याची बाजू प्रामाणिकपणे मांडायची, ही सवय मला मोलाची वाटते. तुला आफ्रिकेतला चाड देश मिळाला म्हणून तू हिरमुसलीस. अगं, उलट बरं झालं. चाड सरोवर 1960 च्या दशकापासून केवढं आटलं आणि त्याच्या काठी चार देश आहेत, हे वाचायला लाग. पाण्यावरून काय होतं ते मुळशीच्या धरणाच्या खोऱ्यात राहणाऱ्या मुलीला वेगळं शिकवायला नको. त्या धरणाविरुद्धच्या 1921 च्या सत्याग्रहाबद्दल वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, कुणाला तरी घरातून ऐकलेलं आठवत असेल. फक्त दर महिन्याला नवी परिषद, नवी फी, नवा ब्लेझर हे नको. टर्मला एक पुरे, आणि बेस्ट डेलिगेट मिळालं नाही तर रडू नको.

नव्या क्लबाला मात्र माझा विरोध आहे. तुमची शाळा दोन वर्षांची. आज ज्या ज्या क्लबात जी जी मुलं आहेत, ती सगळी दोन वर्षांत तिथून गेलेली असणार. दरवर्षी संस्थापक-अध्यक्ष नवे आणि क्लबही नवा, असं चाललं तर वाडीतल्या मुलांच्या वाट्याला दरवर्षी नवे चेहरे येतात आणि पुन्हा पहिल्यापासून नावं विचारली जातात. त्यापेक्षा वाचनवर्गाची एक वही घाल. कोणतं मूल कुठवर वाचतं, कुणाला जोडाक्षरं अडतात, कोणती पुस्तकं झाली, गुरुजींचा नंबर, पावसाळ्यात कोणत्या वाटेने उतरायचं. तू दुसऱ्या वर्षाला असशील तेव्हा मार्चमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांमधून कुणी ना कुणी मराठी, नाहीतर निदान हिंदी येणारं शोध आणि पुढचे शनिवार त्याला बरोबर ने. अध्यक्ष हा शब्द अर्जात नसला तरी चालेल.

फुटबॉलबद्दल काही सांगायला नको. खेळ, घाम गाळ, रात्री वेळेवर झोप. पुढच्या वर्षी 4000 शब्दांचा एक्स्टेंडेड एसे, म्हणजे आयबीचा मोठा निबंध, आहे, तेव्हा ही झोप लागणार आहे.

दिवाळीआधी बाबा पुण्याला येतील. तुझी बालवाडी ते चौथीची मराठी पुस्तकं मी माळ्यावरून काढून पुसून ठेवली आहेत, बरीच आहेत. कोणत्या मुलाला किती वाचता येतं ते रविवारी फोनवर सांग, म्हणजे त्याप्रमाणे निवडून बाबांबरोबर देईन. मोठ्या अक्षरांची जास्त लागतील का, तेही गुरुजींना विचारून घे.

तुझी,
आई