खरा प्रश्न नांगराचा

सागरी औष्णिक ऊर्जेवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. पृष्ठभागावरचे कोमट आणि हजार मीटर खोलीवरचे थंड पाणी यांच्या तापमानातील सुमारे २० अंशांच्या फरकातून वीज कशी मिळते, हे त्यात उत्तम मांडले आहे. मात्र तरंगता प्रकल्प खोल पाण्यात नांगर टाकून जागेवर धरून कसा ठेवायचा आणि थंड पाणी वर आणणारा पाइप कसा सांभाळायचा, या अडचणीला एक ओळही मिळालेली नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचा १ मेगावॅटचा 'सागर शक्ती' हा बार्जवरील (सपाट तळाच्या तरंगत्या नौकेवरील) प्रकल्प तुतिकोरिनपुढच्या समुद्रात अडला, तो जनित्रामुळे नव्हे, तर किलोमीटरभर लांबीचा थंड पाण्याचा पाइप बसवता न आल्यामुळे. एवढ्या खोलीवर नांगराला नुसत्या पोलादी साखळ्या लावून सोडल्या तर त्यांचाच भार बार्जवर येतो, म्हणून मधल्या टप्प्यात पॉलिएस्टरचे हलके दोर लागतात; शिवाय बार्जचा प्रत्येक हेलकावा पाइपच्या वरच्या जोडाला सोसावा लागतो. (२००७ मध्ये चेन्नईजवळ बार्जवर अशाच तापमान-फरकाच्या आधारे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रयोग यशस्वी झाला, पण तेथे थंड पाणी बऱ्याच कमी खोलीवरून घेतले होते.) तेव्हा नव्या मेगावॅटच्या घोषणांआधी दोर, नांगर आणि पाइप यांची किमान एक पूर्ण वादळी हंगाम भर समुद्रात चाचणी घ्यावी आणि त्यासाठी स्वतंत्र निधी राखून ठेवावा.

– एक निवृत्त अभियंता, रत्नागिरी